सर्व्हिसिंगला दिलेली गाडी 94 किलोमीटर फिरून आली

प्रश्न

मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं घर आणि छोटं होमस्टे आहे. दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी 30 युनिटची, पूर्ण चार्जवर आमच्या रस्त्यांना साधारण 210 किलोमीटर जाते. गेल्या शनिवारी सकाळी ती महामार्गावरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. कामं तीन होती: नेहमीची सर्व्हिस, पुढच्या सस्पेन्शनचा करकर आवाज आणि एसी नीट थंड करत नाही ही तक्रार. देताना मीटरचा फोटो काढला होता. 21,418 किलोमीटर, चार्ज 86 टक्के. मंगळवारी संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा मीटरवर 21,512 आणि चार्ज 31 टक्के. सीट मागे सरकवलेली, ट्रिप मीटर शून्यावर, डॅशकॅमची वायर काढलेली आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर वाळू. मधले काही तास अ‍ॅपमध्ये गाडी ऑफलाइन दिसत होती. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "टेस्ट ड्राइव्ह घेतली मॅडम." शेजारी म्हणतात, "सोडून दी गो, जिल्ह्यात ह्या गाडीचा एकच सेंटर आसा, परत त्यांच्याकडेच जावचा लागतला." मला पैसे उकळायचे नाहीत. पण गाडी कोणी फिरवली ते कळायला हवं. बॅटरीला काही झालं असेल का? आणि हे दाखवून कसं द्यायचं?

उत्तर

ताई, तुमची शंका रास्त आहे. तुम्ही सांगितलेल्या कामांना 94 किलोमीटर लागत नाहीत आणि ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली’ एवढ्यावर हा विषय मिटत नाही. पण गाडी मौजेसाठी नेली की आणखी कशासाठी, हे आज तुम्हाला ठाऊक नाही. गाडी चालली, एवढंच ठाऊक आहे. म्हणून सेंटरकडून कबुली मागू नका, लेखी हिशेब मागा: गाडी त्यांच्या ताब्यात असताना ती कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या कामासाठी चालवली. हा कागद बॅटरीच्या वॉरंटीसाठीही लागणार आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी घाईची कामं, कारण पुरावे रोज थोडे थोडे पुसले जातात. अ‍ॅपमध्ये ट्रिपचा इतिहास असतो तो उघडा आणि शनिवार ते मंगळवार प्रत्येक फेरीचा स्क्रीनशॉट घ्या. वरची तारीख-वेळेची पट्टी कापू नका. स्क्रीनशॉट स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे ते कधी घेतले याचीही नोंद राहील. चार्जिंगचा इतिहास वेगळा असतो, तोही घ्या. मध्ये कोणी चार्ज केलं असेल तर 86 वजा 31 हा हिशेबच बदलतो. अ‍ॅपमध्ये गाडीचे वापरकर्ते किंवा डिजिटल किल्ली कोणाकोणाकडे आहे ही यादी असेल तर ती बघा. सर्व्हिसच्या वेळी ‘ओटीपी सांगा’ म्हणून फोन आला होता का, तेही आठवून ठेवा.

मग गाडीत बसा. ब्लूटूथच्या यादीत अनोळखी फोन जोडलेला असेल तर त्याचा फोटो काढा, यादी साफ करू नका. नेव्हिगेशनमधली अलीकडची ठिकाणं बघा. बहुतेक गाड्यांत दोन ट्रिप मीटर असतात आणि पहिला शून्यावर आणणारा माणूस दुसरा तसाच ठेवतो. दुसऱ्यावर किलोमीटरबरोबर सरासरी वेग आणि सरासरी खपही दिसतो. त्याचा फोटो गाडी पुन्हा चालवण्याआधीच काढलेला बरा. डॅशकॅमचं कार्ड आजच बाहेर काढा आणि त्याची नक्कल करा. जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं, वायर लावून दोन दिवस गाडी फिरवलीत तर शनिवारचं काही उरणार नाही. वायर काढण्याआधीची शेवटची दोन मिनिटंही पुष्कळ सांगून जातात.

फास्टॅगचे मेसेज चाळा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघा. महामार्गावर कॅमेऱ्याने गाडी टिपली असेल तर वेळ आणि जागा फोटोसकट मिळते, आणि दंड तुमच्या नावावर आलेला असतो तो वेगळाच.

आता चार्जचा हिशेब. या प्रकरणात सगळ्यात बोलका तोच आहे.

तुमची गाडी 100 टक्क्यांत 210 किलोमीटर जाते, म्हणजे एका टक्क्याला 2.1 किलोमीटर आणि एका युनिटला 7 किलोमीटर. 94 किलोमीटरला तुमच्या नेहमीच्या चालवण्याने साधारण 45 टक्के लागले असते आणि 86 वरून चार्ज 41 वर आला असता. तो 31 वर आला आहे. म्हणजे 10 टक्के, सुमारे 3 युनिट, जास्तीचे गेले. ते कुठे गेले याची दोन उत्तरं संभवतात. एक, गाडी उभी ठेवून एसी तपासला. उभ्या गाडीत एसी सुरुवातीला जास्त ओढतो, पण आतली हवा थंड झाल्यावर तासाला साधारण एक युनिट धरायला हरकत नाही. तेव्हा तीन तास एसी चालला की 3 युनिट गेले. तुमची एसीची तक्रार होतीच, त्यामुळे हे अगदी पटण्याजोगं आहे. दुसरं, गाडी जोरात पळवली. 55 टक्के म्हणजे 16.5 युनिट, ते 94 किलोमीटरवर वाटले तर युनिटला 5.7 किलोमीटर पडतात. चौपदरी महामार्गावर ताशी 100 च्या आसपास एसी लावून चालवली की छोट्या इलेक्ट्रिक गाडीचा खप असाच येतो. या दोहोंतलं खरं कोणतं, ते दुसऱ्या ट्रिप मीटरवरचा सरासरी वेग किंवा अ‍ॅपमधली फेऱ्यांची वेळ सांगेल. गाडी नुसती उभी राहिली म्हणून तीन-चार दिवसांत 10 टक्के चार्ज सहसा जात नाही.

एवढं मांडून झालं की सेंटरच्या बाजूनेही विचार करायला हवा, कारण टेस्ट ड्राइव्ह ही खरीच लागते. सस्पेन्शनचा करकर आवाज उभ्या गाडीत क्वचितच सापडतो. मेकॅनिक कामाआधी खराब रस्त्यावर 5 ते 10 किलोमीटर नेतो, बुश किंवा लिंक बदलून झाल्यावर पुन्हा तेवढंच. पहिल्यांदा आवाज गेला नाही तर तिसरी फेरी होते. ब्रेकसाठी आणखी थोडं. खाऱ्या हवेत इलेक्ट्रिक गाडीच्या डिस्कवर गंज लवकर चढतो, कारण गती कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते आणि ब्रेक पॅड डिस्कला घासतच नाहीत. तो गंज काढायला चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारावे लागतात. सगळं सढळ हाताने मोजलं तरी 25 ते 30 किलोमीटर. एसीची तपासणी जागेवर होते, तिला रस्ता लागत नाही.

लांब फेरी एकाच तक्रारीत रास्त ठरते, ती म्हणजे ‘गाडी पूर्वीएवढी जात नाही’. तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज करून बरीच खाली उतरवतात आणि पुन्हा हळू चार्जरने भरतात. त्यासाठी गाडी शंभर-दीडशे किलोमीटरही चालवली जाते. तुमच्या जॉब कार्डवर अशी तक्रार नकळत लिहिली गेली आहे का, हे आधी बघा. सेंटरमध्ये गाडी घेणारे सल्लागार घाईत ‘रेंज चेक’ असं खरडून ठेवतात आणि ग्राहक न वाचता सही करतो. तसं असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटलं. जॉब कार्डवर किलोमीटरचा आकडा काय आहे तोही तुमच्या फोटोशी ताडून बघा. अंदाजाने लिहिलेला आकडा नंतर त्यांनाच अडचणीत आणतो.

अ‍ॅपमध्ये गाडी ऑफलाइन होती म्हणून लगेच वाईट धरू नका. मुख्य बॅटरीच्या जवळपास काम करण्याआधी 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीची वायर सोडतात, तो सुरक्षिततेचा नियम आहे, आणि मग अ‍ॅपशी संपर्क तुटतो. पण ती वायर सुटलेली असताना गाडी एक फूटही चालत नाही. मुख्य बॅटरी मोटरला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, याच 12 व्होल्टवर जोडले जातात. तेव्हा ‘बॅटरी काढली होती’ हे उत्तर उभ्या गाडीपुरतं खरं असू शकेल, 94 किलोमीटरचं उत्तर ते होऊ शकत नाही. नुसता नेटवर्कचा खंड असेल तर बहुतेक गाड्या नोंद साठवून ठेवतात आणि रेंज आली की पाठवतात. म्हणून मधल्या फेऱ्या आता, दोन दिवसांनी, अ‍ॅपमध्ये उमटल्या आहेत का ते पुन्हा एकदा बघा.

तुम्ही शनिवारी गाडी दिलीत, म्हणजे मध्ये रविवार आला. सेंटरची साप्ताहिक सुट्टी कधी असते ते विचारा. सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री नऊनंतर एखादी फेरी निघाली तर तिला टेस्ट ड्राइव्ह म्हणता येत नाही. तेवढी एक नोंद बाकी सगळ्या तर्कांना पुरून उरते. गेटवरच्या रजिस्टरात रखवालदार गाडी बाहेर जाण्याची आणि परत येण्याची वेळ लिहितो, त्याची प्रतही याच कारणासाठी मागायची.

वाळूबद्दल मात्र जरा सबुरीने. मॅटवरच्या वाळूने काही ठरत नाही. तुमचं घरच किनाऱ्यालगत आहे, मेकॅनिकच्या बुटालाही वाळू असू शकते. बघायचं ते चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या काळ्या प्लॅस्टिक लाइनरच्या कडेला. रस्त्यावरून चाललेल्या गाडीला तिथे जांभ्याची तांबडी माती बसते, बोटाने चोळली तर डाग राहतो. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूतून, गेलेल्या गाडीला त्या खाचेत फिकट, रवाळ वाळूची ओळ घट्ट बसलेली असते आणि पोटाखालच्या ट्रेच्या पुढच्या कडेवरही तिचा थर सापडतो. सर्व्हिसच्या बिलात वॉशिंग लावलं असूनही अशी वाळू निघाली, तर धुतल्यानंतर गाडी पुळणीवर गेली असं म्हणायला जागा आहे. टॉर्च लावून फोटो काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र किंवा सेंटरचं बिल ठेवा.

फोटो झाले की वाळू ठेवून देऊ नका, लगेच धुवा. ओल्या पुळणीवर गाडी गेली असेल तर खारं पाणी खाली लागलेलं असणार. बॅटरीचा डबा पाण्यासाठी बंदिस्त असतो, आत मीठ शिरण्याची भीती फारशी नसते. खरा धोका बाहेरच्या गोष्टींना आहे: डब्याचे बोल्ट, अर्थिंगच्या वायरींचे जोड, ब्रेक कॅलिपरच्या पिना, सस्पेन्शनचे नट. साध्या पाइपने भरपूर गोडं पाणी खालून सोडा. प्रेशर वॉशरची धार नारिंगी जाड केबलींवर, त्यांच्या जोडांवर आणि चार्जिंगच्या तोंडावर मारू नका. जोडांचे रबर सील उघडे पडले की वर्षभराने पावसात इन्सुलेशनचा बिघाड येतो, आणि तो कशामुळे आला हे तेव्हा कोणालाच सांगता येत नाही.

बॅटरीला काही झालं का, हे तुम्ही काळजीने विचारलं आहे. 86 वरून 31 वर येणं हे बॅटरीचं रोजचं काम आहे, त्याने तिचं काहीही बिघडत नाही. एकदा जोरात पळवल्यानेही नाही. बॅटरीला त्रास होतो तो चार्ज शून्याजवळ असताना गाडी दिवसेंदिवस तशीच उभी ठेवल्याने, किंवा कडक उन्हात ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिल्याने. तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही.

भीती आहे ती खालून लागलेल्या माराची. बॅटरीचा डबा गाडीच्या पोटाशी असतो. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या टोकाला, दगडी गटारावर किंवा उखडलेल्या रस्त्यावर तो टेकला तर खालच्या पत्र्याला पोचा येतो. बॅटरीची वॉरंटी बहुधा आठ वर्षांची असते, पण बाहेरून मार लागलेला दिसला की कंपनी ती नाकारू शकते. आणखी तीन वर्षांनी बॅटरीत बिघाड निघाला आणि डब्यावर जुना पोचा सापडला, तर तो या 94 किलोमीटरमध्ये आला की तुमच्याकडून, हे कसं सांगणार? म्हणून आत्ताच सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर चढवायला लावा आणि तुम्ही स्वतः खाली उभ्या राहून डब्याचे चारही कोपरे, मधला भाग आणि पुढच्या ट्रेचे फोटो काढा. टायरच्या आतल्या बाजूच्या भिंती आणि रिमच्या कडा बघा. बॅटरीच्या थंडाव्याचं पाणी असलेली गाडी असेल तर त्या टाकीची पातळी बघा. मग स्कॅनर लावून बॅटरीची तब्येत किती टक्के, जपून ठेवलेले बिघाडाचे कोड कोणते, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये किती फरक आहे, हे तिन्ही आकडे छापील अहवालात किंवा बिलाच्या मागे सही-शिक्क्यानिशी घ्या. तोंडी ‘बॅटरी एकदम ओके आहे मॅडम’ याचा काही उपयोग नाही.

आता सेंटरशी बोलायचं कसं. काउंटरवरच्या मुलावर चढू नका. त्याला बहुधा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तो सांगणार नाही. सरळ वर्क्स मॅनेजरला भेटा आणि त्याच दिवशी ईमेलही करा, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला. मजकूर थोडका आणि आकड्यांचा असावा, उदाहरणार्थ असा:

"माझी गाडी क्रमांक अमुक, जॉब कार्ड क्रमांक तमुक, शनिवारी 21,418 किलोमीटर आणि 86 टक्के चार्ज असताना आपल्याकडे दिली. मंगळवारी 21,512 किलोमीटर आणि 31 टक्के चार्ज असताना परत मिळाली. दोन्ही वेळचे फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या ताब्यात गाडी 94 किलोमीटर चालली. कृपया पुढील माहिती सात दिवसांत लेखी द्यावी: प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, अंतर, चालकाचे पद आणि कारण, गेट रजिस्टरमधील संबंधित नोंदी, डॅशकॅमची वायर कोणी व का काढली. शनिवार ते मंगळवारचे आवारातील सीसीटीव्ही चित्रीकरण पुसले जाऊ नये, ते जपून ठेवावे. गाडीचा तळ लिफ्टवर माझ्यासमोर तपासून बॅटरीचा अहवाल द्यावा आणि हे 94 किलोमीटर आपल्या ताब्यात असताना झाल्याची नोंद सर्व्हिस इतिहासात करावी."

सीसीटीव्हीचं वाक्य गाळू नका. बऱ्याच ठिकाणी पंधरवडा-महिनाभरात जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं. महिन्याने मागितलंत तर ‘आता मिळणार नाही’ हे उत्तर खरंही असू शकेल. कंपनीच्या ग्राहक सेवेला वेगळी विनंती करा की त्यांच्या सर्व्हरवरचा त्या चार दिवसांचा फेऱ्यांचा तपशील द्यावा. तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसतं त्यापेक्षा त्यांच्याकडे पुष्कळ जास्त असतं आणि डीलरच्या हातात ते बदलणं नसतं. अनुभवी वर्क्स मॅनेजरला हे कळतं, त्यामुळे कंपनीला प्रत गेली की उत्तराचा सूर बहुधा बदलतो.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फिरवा. मराठीतही बोलता येतं आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. त्याच्या पुढची पायरी सिंधुदुर्गनगरीचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही, आणि मोबदल्याची, म्हणजे तुम्ही सेवेसाठी मोजलेली, रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृति संकेतस्थळावरून ऑनलाइनही दाखल होते. मुद्दा सेवेतील त्रुटीचा मांडायचा. जोडीला 1872 चा भारतीय करार कायदा आहे. त्याचं कलम 154 सांगतं की विश्वासाने सोपवलेली वस्तू ठरलेल्या कामाबाहेर वापरली तर त्या वापरामुळे किंवा वापरादरम्यान झालेलं नुकसान वापरणाऱ्याने भरून द्यायचं. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं, म्हणजे त्यावर हरकत निघत नाही.

पण आमचं स्पष्ट मत सांगतो. तळाला काही लागलेलं नसेल, तर निव्वळ 94 किलोमीटरसाठी आयोगाचे उंबरठे झिजवू नका. गेलेली वीज 16 ते 17 युनिट आहे, घरगुती दराने दीड-दोनशे रुपयांची. सेंटरने लेखी खुलासा दिला, तळाची तपासणी आणि बॅटरीचा अहवाल दिला, मजुरीची रक्कम सोडली, तर मिळवायचं ते मिळालं. आयोग हा पोचा निघाला तर, किंवा साधा खुलासाही देत नसतील तर. पोलिसांकडे जायचं तर हातात रविवारच्या फेरीसारखा ठोस पुरावा असल्याशिवाय जाऊ नका.

आणि तक्रार पुढे न्यायची असेल तर आधी आपलं घर नीट बघा. गाडी होमस्टेच्या पाहुण्यांना आणण्या-सोडण्यासाठीही वापरता का? वापरत असाल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की हा व्यावसायिक वापर आहे, या ग्राहकच नव्हेत. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांना कायद्याने त्यात सूट दिलेली आहे, ती तक्रारीत सुरुवातीलाच लिहा. आणि हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेल्या खासगी गाडीत पाहुण्यांकडून भाडं घेत असाल तर ते आजपासून थांबवा. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने वापर, शर्यत, वेगाची चाचणी आणि मोटार व्यवसायाशी संबंधित वापर त्यात वगळलेला असतो. यातल्या ‘मोटार व्यवसाय’ या दोन शब्दांचा सेंटरशीही संबंध आहे. त्यांच्या माणसाने तुमची गाडी कुठे ठोकली असती तर तुमच्या पॉलिसीचा दावा अडू शकला असता. म्हणून त्यांच्याकडे स्वतःची मोटर ट्रेड पॉलिसी आहे का, हा प्रश्न मॅनेजरला जरूर विचारा.

शेजाऱ्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. एकच सेंटर, आणि तिथे काम करणारा कोणी ना कोणी आपल्याच वाडीचा, हे इथलं वास्तव आहे. पण लेखी आणि नेमकं विचारणाऱ्या ग्राहकाची गाडी पुढच्या वेळी जास्त जपून हाताळली जाते. संबंध बिघडतात ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेंटरच्या नावानिशी ‘चोर आहेत’ असं लिहिल्याने. सिद्ध न झालेल्या आरोपावर अब्रुनुकसानीची नोटीस उलट तुम्हालाच येऊ शकते. डॅशकॅममध्ये कोणा पोराचा चेहरा दिसला तर तो फोटोही फिरवू नका. वरिष्ठाने ‘गाडी घेऊन जा’ म्हटलं म्हणून तो गेला असेल, आणि नोकरी त्याची जाईल.

पुढच्या सर्व्हिसला चार्ज 40-50 टक्क्यांवर ठेवून गाडी द्या. नेहमीच्या कामाला आणि सॉफ्टवेअर अपडेटला तेवढा सहसा पुरतो, आणि लांबच्या फेरीचा मोह होत नाही. फक्त रेंजची तक्रार असेल तेव्हा किती चार्ज हवा ते आधी विचारून घ्या. अ‍ॅपमध्ये जिओफेन्स, म्हणजे गाडी आखलेल्या हद्दीबाहेर गेली की कळवणारी सोय, असेल तर सेंटरभोवती 10 किलोमीटरचं कुंपण आखा आणि वेगाची सूचना ताशी 80 वर लावा. किल्ली देताना मीटर, चार्ज, दोन्ही ट्रिप आणि चारही चाकांचे फोटो सल्लागाराच्या समोर काढा. चार्जिंगची केबल, चार्जिंगचं कार्ड आणि घराच्या किल्ल्या काढून घ्या. ओटीपी मागितला तर कशासाठी ते विचारल्याशिवाय सांगू नका. आणि सही करण्याआधी जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा: "चाचणीसाठी एकूण 20 किलोमीटरपेक्षा जास्त चालवायची असल्यास आधी फोनवर परवानगी घ्यावी. डॅशकॅम बंद करू नये." खाली सल्लागाराची सही घ्या आणि त्या पानाचा फोटो काढूनच तिथून निघा.